पडद्याला खिळे ठोकणारा कवी

केबिनमधून : वाचकांचे प्रश्न, ऑपरेटरकाकांची उत्तरं

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, खेळ चालू असताना पडदा फाटला तर तुम्ही काय करायचात? त्याचं उत्तर देता देता मी लिहून गेलो, की जपानात तेरायामा शूजी नावाच्या एका कवीने पडद्याला मुद्दाम चिरा ठेवून त्यातून माणूस आत पाठवला होता. झालं! हिंदी सिनेमाची पत्रं नेहमीइतकीच आली, पण या एका वाक्यावर जी पत्रं आली ती वाचून संपादक म्हणाले, काका, यावेळी सगळं पान त्यालाच द्या. तर दिलं. तेरायामा हे आडनाव, शूजी हे नाव. तिकडे आडनाव आधी लावतात.

काका, मी मराठी घेऊन एम.ए. करते. हा माणूस नक्की कवी की दिग्दर्शक? आणि कवितेत नाव झालेलं असताना सिनेमाकडे कशाला वळला? त्याची सगळी कारकीर्द सांगाल का?
— एक विद्यार्थिनी, पूर्व भाग, सोलापूर

सगळी सांगायची तर हे पान पुरायचं नाही बाळ. पण त्याच्या लहानपणापासून सुरुवात करतो, कारण त्यात थिएटर आहे आणि थिएटर म्हटलं की मला राहवत नाही.

जन्म १० डिसेंबर १९३५, उत्तर जपानातल्या आओमोरी प्रांतात. सरकारी दप्तरात मात्र तारीख पडली १० जानेवारी १९३६. तो स्वतः सांगायचा, मी धावत्या आगगाडीत जन्मलो. हे खरं धरायचं कारण नाही, पण त्याचं ऐकताना कायम हे लक्षात ठेवायचं. वडील पोलिसात होते. लढाईवर गेले आणि १९४५ साली आताच्या इंडोनेशियातल्या सेलेबीस बेटावर आजारपणात वारले. त्याच वर्षी जुलैमध्ये आओमोरी शहरावर बॉम्ब पडले, घर जळालं. आईने अमेरिकन लष्कराच्या तळावर नोकरी धरली आणि पुढे तर ती पार दक्षिणेला क्यूशूत कामाला गेली. पोरगा राहिला आओमोरीतल्या नातेवाइकांकडे. आणि या नातेवाइकांचं काय होतं? सिनेमा थिएटर! त्या इमारतीतच तो वाढला. बारा-तेरा वर्षांचं पोर, आई शेकडो मैलांवर, आणि भिंतीपलीकडे रोज पब्लिकचा हशा. मला त्याच्या पुढच्या सगळ्या उद्योगांची चावी इथंच सापडते.

शाळेत असतानाच हायकू लिहायचा, इतर शाळांतल्या मुलांना जमवून हायकूचं मासिक काढायचा. १९५४ साली तोक्योच्या वासेदा विद्यापीठात गेला आणि त्याच वर्षी ‘तांका केनक्यू’ या मासिकाचं नवोदितांचं पारितोषिक त्याला मिळालं. तांका म्हणजे पाच ओळींची, एकतीस मात्रांची जुनी जपानी कविता. हजार वर्षांहून जास्त काळ चालत आलेली. अठरा वर्षांच्या पोराने त्यात असं काही लिहिलं की जुनेजाणते चपापले. लगेच मूत्रपिंडाच्या दुखण्याने अंथरूण धरलं. जवळजवळ तीन वर्षं इस्पितळ. शिक्षण सुटलं. तांकांचा पहिला संग्रह आला तो १९५८ साली.

मग रेडिओ. तानिकावा शुंतारो हा त्याचा कवीमित्र, त्याने सुचवलं की श्रुतिका लिही. १९६० च्या एका श्रुतिकेत मुलं बंड करतात आणि मोठ्या माणसांची शिकार करतात. बातम्यांसारखी रचलेली. त्यावर एवढा गहजब झाला की क्रांतीला चिथावणी देतो म्हणून आरोप झाले. त्याच सुमारास शिनोदा मासाहिरो या तरुण दिग्दर्शकासाठी पटकथा लिहायला लागला. १९६७ मध्ये ‘तेंजो साजिकी’ ही नाटक मंडळी काढली. १९७१ मध्ये पहिला मोठा चित्रपट. मध्ये निबंध, बॉक्सिंगवर लिखाण, घोड्यांच्या शर्यतीवर तर ढीगभर. ‘घर सोडून पळा’ असं पोरांना सांगणारं पुस्तक लिहिलं आणि खरोखर पळून आलेली पोरं याच्या दारात येऊन उभी राहिली. त्यांना त्याने नाटकात घेतलं! आमच्या इथं कुणी असं केलं असतं तर आई-बापांनी चाबूक घेऊन धरला असता.

आता तुझा प्रश्न, वळला कशाला. आपल्याकडे कवी सिनेमात गेला की गाणी लिहितो. आपल्या सोलापूरच्या कवी संजीवांचं ‘सोनियाच्या ताटी’ दरवर्षी भाऊबीजेला वाजतंच की. तेरायामानेही गाणी लिहिली. पण कविता वाचणारा माणूस एकटा बसून वाचतो, आणि या पोराच्या कानात लहानपणापासून साठला होता एकदम हसणाऱ्या, एकदम गप्प होणाऱ्या शेकडो लोकांचा आवाज. त्याला ते लोक समोर हवे होते. त्यांना नुसतं बसवून ठेवायला नव्हे, उठवायला. तांका त्याने पुढे सोडून दिला म्हणतात, पण १९७४ च्या ‘देनएन नी शिसु’ या चित्रपटात मध्येच पडद्यावर त्याचेच तांका येतात आणि त्याच्याच आवाजात ऐकू येतात. तेव्हा तुझ्या प्रबंधात ‘कवी’ असंच लिही. कॅमेरा नंतर आला.

आपण या गृहस्थांचे नाव आदराने घेतलेत. माझ्या वाचनात आले की त्यांच्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप होता. अशा व्यक्तीला कवी म्हणावे काय?
— एक निवृत्त शिक्षक, बार्शी

गुरुजी, आरोप होता आणि तो हवेतला नव्हता. पारितोषिक मिळालं आणि लगेच लोकांनी ओळी शोधून काढल्या. स्वतःचे जुने हायकू त्याने लांबवून तांका केले होते, आणि दुसऱ्यांचेही.

एकच उदाहरण नीट बघू. त्याचा सगळ्यात गाजलेला तांका असा आहे : काडी ओढली, त्या क्षणापुरतं समुद्रावर दाट धुकं दिसलं, जीव ओवाळून टाकावा असा देश आहे तरी का? जपानात हा शाळकरी पोरांनाही माहीत असतो. आता तोमिझावा काकिओ या आधीच्या पिढीतल्या कवीचा हायकू ऐका : एक काडी ओढली तर सरोवरावर धुकं. याच कवीचा दुसरा : डोळे मिटले की मायभूमी निळ्या समुद्रावर. काडी त्याची, धुकं त्याचं, समुद्र त्याचा, मायभूमीसुद्धा त्याचीच. परीक्षेच्या हॉलमध्ये तुम्ही याचा पेपर काढून घेतला असता, आणि बरोबरच केलं असतं.

पण गुरुजी, शेवटचा सवाल कुणाचा? तोमिझावाच्या मायभूमीला कुणी उलट विचारत नाही. ती डोळे मिटले की दिसते. बाप ज्या देशासाठी परमुलखात मेला त्या देशाला पोरगा विचारतो, तुझ्यात होतं काय एवढं? हा सवाल उसना नाही. आपल्या सोलापुरात मागावरचं सूत बाहेरच्या गिरणीचं असलं तरी चादर ज्याने विणली त्याची, हे आपण मानतोच. अर्थात सूत कुणाचं हे सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं नाही, ही खोट मी झाकणार नाही.

आणि चोरीपेक्षा मला त्याच्या थापांची जास्त गंमत वाटते. १९६५ च्या संग्रहात एक तांका आहे : मेलेल्या आईची लालभडक फणी पुरायला निघालोय, ओसोरेझानवर नुसता वारा. ओसोरेझान हा आओमोरीतला ज्वालामुखीचा डोंगर, मेलेल्यांचे आत्मे तिथं जातात अशी श्रद्धा आहे. वाचून गळा दाटतो. आणि आई? ठणठणीत होती! ती त्याच्यानंतर आठ वर्षांनी, १९९१ साली वारली. हयात आईचं श्राद्ध पोराने कवितेत घातलं, तेही कितीदा तरी. ज्या बाईने त्याला तेरा वर्षांचा असताना मागे ठेवलं, तिच्यावर त्याने आयुष्यभर असा राग काढला की माया केली, ते तुम्हीच ठरवा. मला दोन्ही वाटतं.

काय काका, एवढं कौतुक वाचून मी यूट्यूबवर त्याचे दोन-चार तुकडे बघितले. पांढरी तोंडं, हिरवा-जांभळा रंग, घड्याळं, सर्कस. काय कळंना बे! मोबाईलवर बघायचं असेल तर सुरुवात कुठून करू?
— एक तरुण, जुळे सोलापूर

सुरुवात मोबाईल खिशात ठेवण्यापासून कर लेका.

थट्टा नाही. मी त्याचं काम मोठ्या पडद्यावर पाहिलं ते एकदाच, पुण्यात. बाकीचं भाच्याच्या संगणकावर. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक. कारण हा माणूस सिनेमा हॉलसाठी बनवायचा. हॉल, त्यातला अंधार, बसलेली माणसं, पडद्याचं कापड, हे सगळं त्याच्या सिनेमाचा भाग आहे. तेच काढून घेतलं तर उरतात पांढरी तोंडं.

१९७४ चा ‘लॉरा’ घे. जेमतेम नऊ मिनिटांचा. तीन बायका थेट समोर बघून प्रेक्षकांना टोमणे मारतात, की प्रयोगशील सिनेमाच्या नावाखाली आमची अंगं बघायला आलात ना? बोलणी वाढत जातात. मग हॉलमधला एक खराखुरा माणूस खुर्चीतून उठतो, पडद्यापर्यंत चालत जातो आणि पडद्याच्या चिरेतून आत! त्याच क्षणाला तोच माणूस चित्रात दिसतो. बायका त्याची यथेच्छ फजिती करतात, कपडे उतरवतात आणि बाहेर ढकलतात. तो उघडाच पडद्यातून पुन्हा हॉलमध्ये येऊन पडतो.

आता ऑपरेटर म्हणून माझा विचार कर. चित्रात जो नट आहे तोच हॉलमध्ये हवा. म्हणजे प्रिंटबरोबर माणूसही पाठवायचा! मोरिसाकी हेनरिक्कु हा त्याच्या मंडळीतला नट हे काम करायचा, आणि तेरायामा गेल्यावरही कितीतरी वर्षं गावोगावच्या महोत्सवांत तो याच पडद्यात शिरत राहिला. चित्रातला तो तरुणच राहिला, बाहेरचा म्हातारा होत गेला. आम्ही रीळ बदलताना वरच्या कोपऱ्यात येणाऱ्या दोन ठिपक्यांवर जीव टांगून बसायचो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसऱ्याला चित्र त्यावर घ्यायचं. एक क्षण चुकला की स्टॉलमधून आई-बहीण. हा माणूस तर अख्खं शरीर घेऊन ठिपका गाठायचा. चुकला असता तर पडद्यावर भूत आणि खाली उघडा माणूस.

दुसरा, १९७५ चा ‘शिन्पान’. अर्ध्या तासाचा, आणि सगळा खिळ्यांचा. कुणी रस्त्यात खिळा ठोकतंय, कुणी खिळे वाहून नेतंय. शेवटी चित्र संपतं आणि नुसता पांढरा प्रकाश पडद्यावर राहतो. पडद्याच्या जागी लाकडी फळी असते. खाली हातोड्या आणि खिळे ठेवलेले. लोकांनी उठायचं, जायचं आणि खिळे ठोकायचे. ठोकणाऱ्यांच्या सावल्या त्या पांढऱ्यावर पडतात, आणि तोच सिनेमाचा शेवट.

हे ऐकून आमचे मालक झीट येऊन पडले असते. पडदा म्हणजे थिएटरातली सगळ्यात जपायची वस्तू. त्याला बारीक बारीक भोकं असतात, मागचा स्पीकर ऐकू यावा म्हणून. ती धुळीने बुजली की आवाज बसतो. गाण्यावर पब्लिक नाणी फेकायची तेव्हा डोअरकीपर दात-ओठ खायचे, पडद्याला खोच पडते म्हणून. पण गंमत बघ. वर्ष तेच, १९७५. आपल्याकडे ‘जय संतोषी माँ’ लागला होता. बायका दाराबाहेर चपला काढून आत यायच्या, पडद्यापुढे नारळ, उदबत्ती, आरतीचं ताट. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हा प्रयोगशील सिनेमा आहे! आपल्या बायकांनी जे भक्तीने केलं ते तो कवी तिकडे खटपट करून लोकांकडून करवून घेत होता : खुर्चीतून उठा, पडद्यापर्यंत जा, हात लावा.

म्हणून तुला एकटं बघायचंच असेल तर हे छोटे सिनेमे आत्ता नको. १९७४ चा ‘देनएन नी शिसु’ बघ, म्हणजे खेड्यात मरण. निदान लॅपटॉपवर, रात्री, दिवे घालवून. ओसोरेझानच्या पायथ्याचं गाव, पंधरा वर्षांचा पोरगा, विधवा आई. पोराला मनगटी घड्याळ हवंय. आई म्हणते, वेळ ही घरच्या भिंतीवर असायची वस्तू, मनगटावर बांधून बाहेर न्यायची नव्हे. तुला जी घड्याळं कळली नाहीत ती ही. पोरगा शेजारच्या सुनेबरोबर पळून जायचा बेत करतो. आणि बरोबर मध्यावर चित्र थांबतं! कळतं ते असं, की आतापर्यंत आपण पाहिला तो एका दिग्दर्शकाचा अर्धवट सिनेमा, तोक्योत चार जणांना दाखवत असलेला. आपलं बालपण त्याने सुंदर करून खोटं दाखवलंय हे त्यालाच डाचतं. मग तो स्वतःच्याच वीस वर्षं लहान रूपाला भेटतो आणि आईला मारायच्या इराद्याने त्या गावात परत जातो.

मारतो का? शेवटचा शॉट सांगतो, सांगितल्याने त्याचं काही बिघडत नाही. जुनं खेड्यातलं घर. आई आणि मोठा झालेला मुलगा समोरासमोर बसून जेवतायत. मारायला आला होता, आणि आईने ताट वाढलं. एकदम घराच्या भिंती धडाधड बाहेरच्या बाजूला पडतात, आणि मागे काय? तोक्योतला शिंजुकूचा भर चौक. गाड्या, सिग्नल, पाट्या, रस्ता ओलांडणारी माणसं. कुणी थबकून बघतं, कुणी बघतही नाही. मायलेक आपले जेवतायत. कॅमेरा हलत नाही. बराच वेळ चालतो तो शॉट. १९७५ मध्ये हा चित्रपट कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. बक्षीस मिळालं नाही, पण तो शॉट पाहिलेला माणूस विसरत नाही.

मग १९७१ चा, ज्याचं नाव ‘पुस्तकं फेका, रस्त्यावर या’ असं काहीसं होईल. सुरुवातीला पडदा काळाच राहतो. आमच्याकडे एव्हाना शिट्ट्या पडून कुणीतरी केबिनचं दार वाजवलं असतं. मग एक पोरगा येऊन आपल्यालाच विचारतो, अंधारात बसून काय करताय, इथं बसून काही घडायचं नाही. त्याला इटलीत सान रेमोला मोठं पारितोषिक मिळालं.

नेटवर ‘टोमॅटो केचपचा बादशहा’ नावाचा यांचा सिनेमा दिसला. मुलांच्या राज्याची गोष्ट आहे म्हणे. सुट्टीत मुलांना दाखवू का?
— एक आई, विजापूर रोड, सोलापूर

अजिबात नको, ताई. वर ज्या श्रुतिकेचं सांगितलं तिचीच ती कल्पना, मुलं मोठ्यांवर राज्य करतात ती. पण चित्रपटात लहान मुलांबरोबर अशी दृश्यं घेतली आहेत जी कुणी घेऊ नयेत. कला म्हणून त्याची बाजू मांडणारे लोक आहेत. मी त्यांच्यात नाही. दाखवू नका आणि स्वतःही बघितला नाहीत तर काही बुडणार नाही.

असले सिनेमे चालत नाहीत हे उघड आहे. मग पैसे कोण घालत होतं? आमच्या तालुक्यात थिएटर होतं, त्यामुळे विचारतो.
— एक माजी थिएटरमालक, माढा

मालक, तुमचा प्रश्न मला आवडला, कारण पैशाचं कुणी विचारत नाही.

जपानात १९६१ च्या अखेरीस आर्ट थिएटर गिल्ड नावाची कंपनी निघाली. आधी परदेशी चित्रपट दाखवायची, पुढे निर्मितीत उतरली. पद्धत अशी : निम्मे पैसे कंपनी घालणार, निम्मे दिग्दर्शकाने आपल्या बाजूने उभे करायचे. एकूण खर्च साधारण एक कोटी येन धरायचा. आकडा ऐकून दचकू नका, तिथल्या मोठ्या स्टुडिओंच्या मानाने ती चिल्लरच. त्यावरून ‘एक कोटीचे सिनेमे’ असंच नाव पडलं होतं. दाखवायला तोक्योत शिंजुकूला त्यांचं ठरलेलं थिएटर होतं, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी वितरकाच्या दारात फेऱ्या मारायची गरज नाही. तेरायामाचे १९७१ आणि १९७४ चे दोन्ही मोठे चित्रपट असे निघाले. त्याची स्वतःची छोटी कंपनी होती, नाव ठेवलं होतं ‘माणसाच्या बळावर उडणारं विमान’. नावावरूनच हिशेब कळतो!

पुढे १९७७ ला तोएई या बड्या स्टुडिओसाठी त्याने बॉक्सिंगचा एक सरळ चित्रपट केला आणि शेवटी शेवटी फ्रेंच निर्मात्याच्या पैशातूनही कामं केली. मला विचाराल तर हात आखडता होता तेव्हाचंच काम जास्त धीट आहे.

मी तालमीतला माणूस. हा कवी बॉक्सिंगवाला होता का?
— एक पैलवान, मंगळवेढा

खेळणारा नाही, वेड असलेला. पैलवान, तुम्हाला एक किस्सा सांगतो. ‘आशिता नो जो’ ही बॉक्सिंगवरची चित्रकथा तेव्हा साप्ताहिकातून यायची आणि अख्खा जपान वाचायचा. त्यात नायकाचा प्रतिस्पर्धी रिकीइशी, नायकाच्या वजनगटात उतरायचं म्हणून अन्नपाणी तोडून वजन उतरवतो आणि लढत जिंकून मरतो. लोक हळहळले. तेव्हा तेरायामाने पुढाकार घेऊन २४ मार्च १९७० ला तोक्योत, ते साप्ताहिक काढणाऱ्या कोदान्शा प्रकाशनाच्या इमारतीत त्याचा अंत्यविधी केला. रिंग उभारली, फोटो ठेवला, भिक्षूने मंत्र म्हटले, शेकडो लोक रांगेत. कागदावरच्या माणसाचा! त्याच कथेवरच्या दूरदर्शन मालिकेचं शीर्षकगीतही यानेच लिहिलं. तुम्ही तालमीतले आहात म्हणून एवढंच सांगतो, उपाशी राहून वजन तोडू नका.

काका, आम्ही कॉलेजची मुलं एकांकिका करतो. स्पर्धा, तीच तीच नाट्यगृहं, तेच परीक्षक, कंटाळा आलाय. तेरायामाने अख्ख्या शहरात नाटक केलं असं ऐकलं. आम्हाला सोलापुरात जमेल का?
— एक नाट्यवेडा, सोलापूर

केलं होतं. ‘नॉक’ नाव, एप्रिल १९७५, तोक्योचा सुगिनामी भाग, तीस तास. तिकीट म्हणजे नकाशा. प्रेक्षकांनी तो घेऊन गल्ल्या धुंडाळायच्या. कुठं सार्वजनिक न्हाणीघरात काही घडतंय, कुठं कुणाच्या दारावर थाप पडतेय. अख्खं नाटक एकाही माणसाला बघता येणं शक्य नव्हतं. आणि ज्यांच्या दारावर थाप पडली त्यांना कुणी विचारलं होतं? लोक घाबरले, तक्रारी झाल्या, पोलीस आले. ते तेरायामाला हवंच असणार. पण तोक्योतल्या त्या म्हाताऱ्या आजीबाईला, रात्री दार वाजल्यावर काय वाटलं असेल, हा विचार मला सोडत नाही. तेवढं तुम्ही करू नका.

बाकी सोलापुरात का जमू नये? चालत बघायची सवय या शहराला तेरायामाच्या आधीपासून आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा लोक पायी करतातच की. कुणाला अख्खी मिरवणूक दिसत नाही. ज्याला जो चौक सापडला ते त्याचं. तुम्ही सात-आठ जागा निवडा. बंद गिरणीच्या भिंतीलगतचा रस्ता घ्या, पूर्व भागातली एखादी मागाची खोली घ्या, मालकाला विचारून. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, ज्या गल्लीत जी भाषा चालते त्या भाषेत तो प्रवेश लिहा. पोलीस परवानगी आधी काढा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. आणि यात्रेच्या दिवसांत ठेवू नका, गर्दीत तुमचं नाटक कुणाला दिसणार नाही.

नागराज मंजुळेही आधी कवी, मग दिग्दर्शक, आणि आपल्याच जिल्ह्यातले. दोघांत साम्य वाटतं का?
— एक वाचक, करमाळा

जेऊरचा आपला माणूस, ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा त्याचा कवितासंग्रह माझ्या कपाटात आहे. साम्य एकाच ठिकाणी वाटतं : दोघंही गावाकडचं बालपण पडद्यावर आणतात आणि ते गोड करत नाहीत. पण मंजुळे म्हणतो, हे असंच घडलं, बघा. तेरायामा म्हणतो, हे मी रचलंय, आणि मला तुमच्यासमोर ते मोडायचंय. ‘फँड्री’तला शेवटचा दगड आपल्याकडे भिरकावला जातो तेव्हा मात्र मला वाटलं, हा तेरायामाला आवडला असता.

मुलगा कंपनीच्या कामाने जपानला चाललाय, चार दिवस मोकळे आहेत. तेरायामाचं काही बघण्यासारखं आहे का? आणि तो वारला कधी?
— एक रेल्वे कर्मचारी, कुर्डुवाडी

वारला ४ मे १९८३ ला, तोक्योत. सत्तेचाळीस वर्षांचा होता. यकृत निकामी होत चाललं होतं आणि ते त्याला माहीत होतं. तरी ओकिनावात जाऊन शेवटचा चित्रपट पूर्ण केला. मार्केझ या कोलंबियन लेखकाच्या ‘शंभर वर्षांचा एकांत’ या कादंबरीवर बेतलेला, पण मूळ लेखकाच्या बाजूने हरकत आली म्हणून नाव बदलावं लागलं. तो थिएटरात लागला १९८४ मध्ये, हा गेल्यावर. शेवटच्या महिन्यांत तो आणि तानिकावा एकमेकांना व्हिडिओवर पत्रं पाठवत होते. याची पत्रं थांबली तेव्हा राहिलेलं काम तानिकावाने पुरं केलं. शेवटच्या लेखात तेरायामाने लिहून ठेवलं होतं की माझी कबर बांधू नका, माझे शब्द पुरेत. बांधलीच. तोक्योच्या पश्चिमेला ताकाओच्या दफनभूमीत आहे.

मुलाला मात्र उत्तरेला मिसावाला पाठवा, जिथं तो लहानपणी राहिला. तिथं १९९७ पासून त्याचं स्मारक-संग्रहालय आहे. काचेच्या कपाटात मांडून ठेवलेलं नाही सगळं. आत टेबलं आहेत, हातात टॉर्च घ्यायचा आणि खण उघडून आत काय आहे ते बघायचं. तोक्योहून बुलेट ट्रेनने हाचिनोहे, तिथून लोकल गाडीने मिसावा. तुम्ही रेल्वेतले, तुम्हाला वेळापत्रक मी काय सांगणार. ओसोरेझानही त्याच प्रांतात येतो, पण तिथलं देऊळ मे ते ऑक्टोबर एवढंच उघडं असतं, बर्फामुळे. तेव्हा महिना बघून जाऊ द्या. आणि त्याला म्हणावं, संग्रहालयाच्या तिकिटाचा तुकडा फेकू नको, काकांना हवाय.